पाण्यांत म्हैस, बाहेर मोल

जुनी वस्तु केवळ छायाचित्र पाहून घरबसल्या विकत घेण्याची सोय मोबाइलमुळें आतां सर्वांस झाली आहे. खुर्ची किंवा कपाट असें घेतल्यास फारसें बिघडत नाहीं. वाद्याची गोष्ट मात्र निराळी. त्याचा गुण डोळ्यांस दिसत नाहीं, कानांसच कळतो.

आमच्या तुंगार्लींतील एका घरीं नातीच्या गाण्यासाठीं अशीच एक जुनी पेटी आली. लांकूड आरशासारखें लखलखीत. पण भाता मारावा तों एक पट्टी न दाबतांच वाजूं लागे, आणि मध्यसप्तकांतील गंधार उतरलेला. विकणाऱ्यानें फोन घेणेंच सोडलें. पैसे गेले याची हळहळ आजीस फारशी नव्हती; चार महिने मुलगी त्या उतरलेल्या गंधारास गळा मिळवीत बसली, हें तिचें खरें दुःख. कोवळा कान एकदां चुकीच्या स्वरावर बसला, कीं त्यास तेथून उठविणें कठीण.

पेटीचे स्वर ठरीव, तींत मींड निघत नाहीं, अशा आक्षेपांवरून १९४० सालीं रेडिओनें तिला बंदी केली. ती १९७१ सालीं अंशतः उठली. मग ते ठरीव स्वरच बिघडलेले असले, तर शिकणाऱ्यानें विसंबावें कशावर?

पेटीचा प्राण आंतील पितळी रीडांत असतो. रीड टोंकाशीं घासली कीं स्वर चढतो, बुडाशीं घासली कीं उतरतो. वारंवार घासल्यानें ती दुबळी होते. शिवाय आमच्याकडील पावसाळी दमट हवेनें लांकूड फुगतें व पट्ट्या अडकतात.

म्हणून पैसे देण्यापूर्वीं विकणाऱ्याकडून चलच्चित्र मागवावें. त्यांत काळी-पांढरी प्रत्येक पट्टी एकेक वाजवून घ्यावी. भाता भरून, पट्टी न दाबतां, तो किती लवकर बसतो तें पाहावें. झांकण काढून आंतील भागहि दाखविण्यास सांगावें. पेटी परत घेण्याची अट लेखी असावी. कारण २०२० चे ई-कॉमर्स नियम स्वतःची जुनी वस्तु क्वचित् विकणाऱ्या खासगी गृहस्थास लागू नाहींत.

याहून सोपा मार्ग आहेच. लोणावळ्याहून पुणें सुमारें ६४ किलोमीटर. लोकल थेट जाते. मुलीस व तिच्या गुरुजींस बरोबर न्यावें, पेटी वाजवून पाहावी, आणि मगच मोल करावें.