तीन चाकी मोटरसायकल: तोल, वळण आणि देखभाल

दुचाकी चालवता येते म्हणजे तीन चाकी मोटरसायकलही सहज चालवता येईल, असे नव्या मालकाला वाटते. गाडी थांबली तरी पाय टेकावा लागत नाही, त्यामुळे ती अधिक सुरक्षितही वाटते. परंतु दुचाकीवर अंगवळणी पडलेली एक सवय येथे नेमकी उलटी पडते. तिचे कारण समजून घेऊ.

प्रकार

पहिल्या प्रकारात पुढे एक व मागे दोन चाके असतात; आपली ऑटोरिक्षा याच रचनेची. दुसऱ्या प्रकारात पुढे दोन व मागे एक चाक असते, उदा. २००७ साली आलेली कॅन-ॲम स्पायडर. पियाजिओ एमपी३ किंवा यामाहा निकेन यांनाही पुढे दोन चाके आहेत, पण त्या वळताना दुचाकीसारख्या झुकतात. येथे आपण दुसऱ्या, म्हणजे न झुकणाऱ्या प्रकाराचा विचार करू.

हँडलची दिशा

वेगात असलेल्या दुचाकीचे डावे हँडल पुढे ढकलले, तर गाडी डावीकडे झुकते आणि डावीकडेच वळते. बहुतेक चालक हे नकळत करतात. न झुकणाऱ्या तीन चाकीवर तेच हँडल पुढे ढकलले, तर गाडी उजवीकडे जाते. अचानक काही आडवे आले की हात जुन्या सवयीने चालतात आणि गाडी अडथळ्याकडेच वळते. म्हणून रहदारीत जाण्यापूर्वी मोकळ्या मैदानात, कमी वेगात, इंग्रजी आठच्या आकाराचा भरपूर सराव करावा. वळताना शरीर वळणाच्या आतल्या बाजूला न्यावे.

गाडी कधी उलटते?

तीन चाके जमिनीला टेकतात त्या बिंदूंचा त्रिकोण काढा. गुरुत्वमध्याच्या खालच्या बिंदूपासून त्रिकोणाच्या बाजूपर्यंतचे आडवे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, ही उलटण्याची मर्यादा. वेगाचा वर्ग ÷ (वळणाची त्रिज्या × ९.८१) ही किंमत तिच्यापेक्षा वाढली की आतले चाक उचलले जाते. स्प्रिंग व टायर दबतात, तो परिणाम येथे सोडून दिला आहे.

समजा, पुढच्या दोन चाकांतील अंतर १.२ मी. आहे. गुरुत्वमध्य ०.६ मी. उंचीवर आणि मागच्या चाकापासून गाडीच्या लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर आहे. तेव्हा आडवे अंतर ०.६ × २/३ = ०.४ मी. आणि मर्यादा ०.६७. १५ मी. त्रिज्येच्या वळणावर हा वेग सुमारे ३६ किमी/तास येतो.

आता मागे एक जण बसला. गुरुत्वमध्य मागे सरकून मध्यावर आला आणि उंची ०.६५ मी. झाली, असे धरू. आडवे अंतर ०.३ मी., मर्यादा ०.४६ आणि वेग सुमारे ३० किमी/तास. म्हणजे एकट्याने रोज ज्या वेगाने घेतलेले वळण, त्याच वेगाने दोघांना उलटवू शकते. वेग वळणाच्या आधीच कमी करावा.

रस्ता

दुचाकीची एकच चाकोरी असते, हिच्या तीन असतात. पुढची चाके खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी गेली, तरी मागचे चाक त्यात आदळते. सिग्नलजवळ लेनच्या मध्यभागी सांडलेल्या तेलावरूनही तेच चाक जाते.

देखभाल

- हवा टायर थंड असताना तपासावी. दाब उत्पादकाने दिलेलाच ठेवावा, दुचाकीचा आकडा वापरू नये. पुढच्या दोन्ही चाकांत दाब समान नसेल तर गाडी एका बाजूला ओढते.
- टायर मध्यभागी झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी. एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट तपासावी.
- पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खुळखुळले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. डावी-उजवीकडे धरून खुळखुळले तर टाय रॉडचे टोक पाहावे.
- बेल्ट किंवा साखळीचा ताण पुस्तिकेप्रमाणे ठेवावा.
- गाडी आपोआप उभी राहते, पण उतारावर घरंगळते. पार्किंग ब्रेक लावूनच उतरावे.

स्वाध्याय

वरील मापे तीच ठेवून एकटे चाक पुढे आहे असे माना. वळणावर जोरात ब्रेक लावल्यास भार कोणत्या चाकाकडे जाईल? उलटण्याचा धोका वाढेल की कमी होईल? हाच प्रश्न पुढे दोन चाके असलेल्या गाडीसाठी सोडवा आणि उत्तरांची तुलना करा.