वरची दाढ आणि गालातली पोकळी

वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांची मुळे जिथे संपतात, तिथून गालाच्या हाडामागची हवेची पोकळी फार दूर नसते. तिचे नाव मॅक्सिलरी सायनस. चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांत अशा पोकळ्यांच्या चार जोड्या असतात आणि त्यांतली ही सर्वांत मोठी. प्रौढ माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन चमचे मावतात. या पोकळीचा तळ हेच दाढांचे छत. दुसऱ्या मोठ्या दाढेची मुळे तिला सर्वांत जवळ असतात, त्याखालोखाल पहिलीची. मधले हाड अनेकांत जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे असते. काही जणांत तेवढेही नसते आणि मुळाचे टोक नुसत्या अस्तराला टेकलेले असते.

या शेजाराहून अधिक घोटाळा करते ती नस. वरच्या दातांना संवेदना देणाऱ्या नसा सायनसच्या भिंतीतूनच खाली उतरतात आणि वाटेत तिच्या अस्तरालाही फाटे देतात. पोकळीत सूज आली की या नसा डिवचल्या जातात. मेंदूला निरोप पोचतो, पण तो पोकळीतून आला की दाढेतून, हे त्याला नीट उमगत नाही. म्हणून दाढेला कीड नसतानाही दाढ ठणकते.

बुलढाणा जिल्ह्यात अशा दुखण्याला निमित्तांची कमतरता नाही. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार भागात ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आटोपते, सुड्या मोडतात आणि थ्रेशर सुरू होतो. यंत्राच्या तोंडातून कुटाराचा फवारा उडतो आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या भुवया, पापण्या, नाकाचे केस पिवळट होऊन जातात. घाटाखाली खामगाव, मलकापूरकडे जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होताना हवेत बारीक तंतू तरंगत राहतात. त्यात धुऱ्यावरचे गाजरगवत. त्याचे परागकण ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. सोयाबीनची धूळ किती उपद्रवी ठरू शकते, हे बार्सिलोनाने पाहिले आहे. तिथल्या बंदरात १९८१ ते १९८७ या काळात जहाजांतून सोयाबीन उतरवण्याच्या काही दिवशी शहरात दम्याच्या रुग्णांची रीघ लागे. कोठारांवर गाळण्या बसवल्यावर ते थांबले. धुळीने ज्याचे नाक वाहते त्याचे अस्तर सुजते, आणि अस्तर सुजले की सायनसचे दार बंद होते.

हे दार मुळात चमत्कारिक जागी आहे. पोकळीचा निचरा तळाशी असायला हवा, पण तिचे छिद्र आतल्या भिंतीवर, जवळजवळ छताशी आहे आणि रुंदीला जेमतेम काही मिलिमीटर. चार पायांवर चालणाऱ्या पूर्वजांना ते सोयीचे होते, माणूस उभा राहिला आणि मोरी वर गेली, असे काही अभ्यासक मानतात. अस्तरावरचे सूक्ष्म केस चिकट द्रव सतत वर ढकलत त्या छिद्राकडे नेतात. त्यांचा हेका इतका पक्का, की जुन्या शस्त्रक्रियेत पोकळीला खाली दुसरे भोक पाडले तरी ते द्रवाला वरच्या मूळ छिद्राकडेच नेत राहत. ऑस्ट्रियातील ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी हा प्रवाह बारकाईने अभ्यासला आणि पुढे दुर्बिणीतून मूळ छिद्रच मोकळे करण्याची शस्त्रक्रिया रुळली.

छिद्र बुजले की द्रव साचतो आणि दाब वाढतो. ओणवे होऊन बूट बांधताना, जिना उतरताना, नमाजात किंवा देवापुढे डोके टेकवताना दाढा एकदम जड होतात, त्या यामुळे. सायनसच्या दुखण्याची ही मोठी खूण. दुसरी खूण अशी, की एक दाढ दुखत नाही, ओळीने दोन-तीन दुखतात आणि नेमके बोट कुठे ठेवावे ते सांगता येत नाही. किडलेल्या दाढेचे तसे नसते. तिला गार पाणी झोंबते, चहाचा घोट लागतो, रात्री आडवे झाले की ठणका वाढतो. दंतवैद्य एका दाढेवर गार फवाऱ्याने भिजवलेला कापसाचा बोळा टेकवतात. जिवंत नस क्षणभर कळवळते आणि शांत होते. कळ रेंगाळली तर दोष दाढेत असण्याची शक्यता वाढते, आणि काहीच जाणवले नाही तर नस मेलेली असू शकते. मग आरशाच्या दांड्याने दाढांवर हलकेच ठोकून पाहणे, मग एक्स-रे. लवंगतेलाचा बोळा घरोघरी ठेवलेला असतो; त्यातले युजेनॉल उघड्या पडलेल्या दाढेला बधीर करते, पण सायनसपर्यंत पोचत नाही.

उलटा प्रवासही तितकाच खरा. मुळाशी साचलेला पू वरचे हाड पोखरून पोकळीत शिरतो आणि सायनसचा दाह दाढेपासून सुरू होतो. इंग्लंडमधील वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ च्या ग्रंथात या पोकळीचे वर्णन केले, ते एका दाताच्या गोष्टीसह. एका बाईचा वरचा सुळा काढला आणि तिथून स्राव वाहू लागला. तिने त्या भोकात पिसाची काडी घातली, ती आत आतच जात राहिली आणि बाई हादरली. काडी मेंदूत गेली, असेच तिला वाटले. ती गेली होती सायनसमध्ये. पुढे पोकळीला 'हायमोरची गुहा' म्हणू लागले. खरे तर लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्येच कवटी कापून ती रेखाटली होती, पण ती चित्रे शतकानुशतके वहीतच राहिली.

दाढेतून आलेला सायनसचा दाह बहुधा एकाच बाजूला असतो आणि त्याच नाकपुडीतून घाण वास येतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत याचे प्रमाण मॅक्सिलरी सायनसच्या दाहात दहा टक्क्यांच्या आसपास दिलेले असे. सीटी स्कॅन आल्यापासूनचे अंदाज बरेच वरचे आहेत. अशा रुग्णाला नाकाच्या औषधाने चार दिवस आराम पडतो आणि दुखणे परत येते, कारण मूळ तोंडात असते. दाढेचे रूट कॅनाल झाले किंवा ती काढली, तरच पुढचे उपचार लागू पडतात. साध्या सर्दीतून आलेला दाह मात्र बहुतेक वेळा विषाणूचा असतो. त्यात अँटिबायोटिकचा उपयोग नाही. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि दहाएक दिवस वाट पाहणे एवढ्याने तो सहसा ओसरतो. डोळ्याभोवती सूज, तीव्र ताप किंवा अंधुक दिसणे ही मात्र ताबडतोब दवाखाना गाठायची लक्षणे.

घाईत दाढ उपटण्याचा एक धोकाही आहे. मुळाबरोबर पोकळीच्या तळाचा तुकडा निघाला की तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडते. चूळ भरली की पाणी नाकातून येते. लहान भोक आपोआप बुजते, पण त्यासाठी काही दिवस नाक जोराने शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे.

या शेजाराची सर्वांत भयंकर बाजू महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिली. कोरोनातून उठलेल्या, मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस होऊ लागला. लोकांनी त्याला काळी बुरशी म्हटले. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये शिरते, रक्तवाहिन्या बंद करते आणि हाड मरू लागते. किती तरी रुग्णांत पहिले लक्षण तोंडात दिसले: चांगल्या दाढा एकाएकी हलू लागणे, गाल बधिर होणे, टाळूवर काळा डाग. असे रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे गेले. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरवण्यास राज्यांना सांगितले. जीव वाचवायला अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळूच्या जागी उरलेली पोकळी झाकायला त्यांना कवळीसारखी पट्टी लावावी लागते. ती काढून ठेवली की बोलणे नाकातून उमटते आणि घोटभर पाणीही तोंडात थांबत नाही.