विशीत विरळ होणारे केस

केस गळणे आणि टक्कल पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. विशीतल्या मुलांचा बराच पैसा या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे वाया जातो. कंगव्यात पुंजका दिसला की मुलगा हबकतो, तेल बदलतो, शाम्पू बदलतो, बोअरच्या पाण्याला दोष देतो. आनुवंशिक टक्कल मात्र पुष्कळदा फारसा गाजावाजा न करता येते. कंगव्यात केस पूर्वीइतकेच दिसत राहतात आणि डोक्यावरचा एकेक केस बारीक होत जातो.

हे कसे होते, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण उपचाराचे सगळे गणित त्यावरच आहे. आपल्या डोक्यावर केसांची साधारण एक लाख मुळे असतात. प्रत्येक मूळ दोन ते सहा वर्षे केस वाढवते, मग दोन-तीन आठवड्यांत आक्रसते, तीनेक महिने विश्रांती घेते आणि जुना केस सोडून नवा सुरू करते. लाखभर मुळांची ही पाळी सतत चालू असल्याने दिवसाला ५० ते १०० केस पडणे हा निरोगी डोक्याचा हिशेब आहे. आनुवंशिक टकलात बिघडतो तो वाढीचा काळ. दर फेरीला तो थोडा आखूड होतो. मूळही लहान होत जाते, आणि आज जिथे जाड केस आहे तिथे पुढच्या फेरीत पातळ, त्याच्या पुढच्या फेरीत त्याहून पातळ आणि शेवटी नुसती लव उरते. कपाळाचे दोन्ही कोपरे आणि डोक्यावरचा भोवरा ही याची ठरलेली ठिकाणे. मागचे आणि कानांवरचे केस टिकतात. डॉक्टर ज्या सात पायऱ्यांच्या तक्त्यावर हे मोजतात, तो जेम्स हॅमिल्टन यांनी मांडला आणि ओटार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारला.

हॅमिल्टन यांचेच १९४२ मधले काम या विषयाचा पाया आहे. ज्या पुरुषांची वृषणे वयात येण्याआधीच निकामी झाली होती त्यांना, घराण्यात टक्कल असूनही, टक्कल पडत नाही हे त्यांनी पाहिले. अशांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे पुरुषी संप्रेरक आणि वारसा हे दोन्ही एकत्र आले तरच टक्कल. पुढे कळले की खरा कर्ता टेस्टोस्टेरॉनपासून बनणारा डीएचटी हा पदार्थ आहे. ज्या मुळांना वारशाने त्याची संवेदनशीलता मिळाली आहे, तीच मुळे त्याच्यामुळे लहान होतात. रक्तात तो जास्त असावा लागत नाही. ‘मामाला टक्कल म्हणजे भाच्याला टक्कल’ या गावातल्या समजुतीत अर्धे तथ्य आहे, कारण यातले एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडून मिळते. पण इतर अनेक जनुके वडिलांकडूनही येतात, तेव्हा आजोळ आणि घर दोन्हीकडचे फोटो पाहावेत.

टोपी, हेल्मेट, उन्हात डोक्याला गुंडाळलेला रुमाल, शेतातला घाम यांपैकी कशानेही हे टक्कल पडत नाही. क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मूळ लहान होत नाही. वस्तरा फिरवल्याने केस दाट होत नाहीत. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनापर्यंत पोचली, तिचा मला अभिमान आहे. तरी तिच्या लेपाने डोक्यावर केस उगवत नाहीत.

आता दुसरी घटना, खरी केसगळती. तिचे उदाहरण शेगावचे, आणि शेगाव आम्हा हिंगोलीकरांना परके नाही. गजानन महाराजांची पालखी दरवर्षी सेनगाव, नर्सी, औंढ्यावरूनच पंढरपूरला जाते. त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काल्वड, हिंगणा अशा गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून माणसांचे केस नुसत्या हाताने निघू लागले. काही दिवसांत डोकी उजाड झाली. बाया, पुरुष, पोरे कुणीच सुटले नाही. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथके आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट जास्त निघाले आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. त्या दिवसांत आसपासच्या जिल्ह्यांतल्या तरुणांनाही आपले विरळ केस त्याच आजाराचे वाटू लागले असतील, तर त्यात नवल नाही. पण फरक स्पष्ट आहे. दिवसांत जाणारे आणि डोकेभर जाणारे केस म्हणजे शरीराला काहीतरी बाधले आहे. वर्षांमध्ये आणि ठरलेल्या जागी विरळ होणारे केस म्हणजे वारसा.

याच्या मधले प्रकारही आहेत. डेंग्यू, टायफॉइडसारखा मोठा ताप, ऑपरेशन, किंवा पोलीस-सैन्य भरती जवळ आली म्हणून उपाशी राहून घटवलेले वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस ओंजळीने पडतात आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप सावरतात. तापाचा महिना तोवर विसरलेला असतो, म्हणून कारण सापडत नाही. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा ही चाई. तिचा उपचार अगदी वेगळा. खाज, खवले आणि तुटके केस असतील तर नायटा असू शकतो. त्यावर मेडिकलमधून परस्पर घेतलेले स्टेरॉइडचे मलम लावले तर तो दबतो आणि पसरतो.

म्हणून पहिला खर्च निदानावर करावा. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय तर कितीतरी जुने. केसपेपर काढून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवता येते. डॉक्टर पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हलके ओढतील. पाच-सहापेक्षा जास्त हातात आले तर गळती चालू आहे. मग भिंगाने टाळू पाहतील. एकाच जागी जाड आणि बारीक केस मिसळलेले दिसले की वारशाचे निदान जवळपास पक्के. गरज वाटली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासतात. कमतरता निघाली तरच तिच्यावरच्या गोळ्या घ्याव्यात. कमतरता नसताना खाल्लेल्या बायोटिनने टक्कल थांबत नाही.

वारशाच्या टकलावर ज्यांचा परिणाम चांगल्या अभ्यासांत दिसला आहे अशी मुख्य औषधे दोनच. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून तिचा लावण्याचा द्राव झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पुरुषांसाठी सहसा ५ टक्क्यांचा, दिवसातून दोनदा १ मिलि. आपल्याकडे एक चूक सर्रास होते: सकाळी तेल चोपडायचे आणि त्यावरच द्राव लावायचा. तो कोरड्या टाळूवर, भांग पाडून, केसांऐवजी कातडीला लागला पाहिजे आणि चारेक तास धुतला जाऊ नये. तेल लावायचेच तर न्हाण्याआधी लावा. लावल्यावर हात धुवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून अनेकांचे केस जास्त गळू लागतात, कारण विश्रांतीतले जुने केस ढकलले जातात. इथेच बरीच मुले घाबरून बाटली फेकतात. दोन महिने हे सहन करावे. फरक चार ते सहा महिन्यांनी कळतो, आणि औषध सोडले की काही महिन्यांत मिळालेले केस जातात.

दुसरे फिनास्टेराइड. प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये आलेले हे औषध १ मिलिग्रॅमच्या मात्रेत १९९७ पासून केसांसाठी वापरतात. ते डीएचटी बनवणाऱ्या विकराला अडवते, म्हणजे मूळ कारणावरच काम करते. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे असे त्रास होतात. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांबाबतही औषध नियामकांनी इशारे दिले आहेत. मन आधीच खचलेले असेल तर हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मित्राच्या चिठ्ठीवर ही गोळी घेऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

दोन्ही औषधे जिवंत मुळांवरच चालतात. लवही गेलेल्या चकचकीत जागेवर ती फारसे काही करत नाहीत, म्हणून विशीतली एक-दोन वर्षे तेलांत घालवणे महाग पडते. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा फोटो काढा. वर्षाने पहिला आणि शेवटचा फोटो सारखाच दिसला तर औषध लागू पडले असे समजा. टक्कल वाढू न देणे हे त्याचे पहिले काम.

‘टकलावर हमखास केस’ असा दावा औषधाने करणे आपल्या कायद्यात बसत नाही. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, जे बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशा आजारांच्या यादीत, टक्कल आहे. माक्याचे तेल लावल्याने केस मऊ होतील, मालिशीने बरे वाटेल, तेवढ्यासाठी जरूर लावा.

प्रत्यारोपणाची घाई बाविशीत करू नये. मागचे केस पुढे लावले तरी ते आपला टिकाऊपणा सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेन्ट्राइच यांनी १९५९ मध्ये दाखवले, आणि शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पण मागचा साठा मर्यादित असतो. आज कपाळ भरून घेतले आणि मधले केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर लावलेल्या पट्ट्यामागे रिकामी जागा उरते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितले आहे की हे काम प्रशिक्षित डॉक्टरचे आहे. टेबलाशी कोण उभे राहणार, हे नाव विचारूनच पैसे भरा.

औषध नको असेल तर केस अगदी बारीक ठेवणे हा चांगला मार्ग आहे. आपल्या भागात डोके पूर्ण तासले की लोक विचारतात, ‘घरात कोण गेलं?’ किंवा ‘तिरुपतीला जाऊन आलास का?’ म्हणून वस्तऱ्याऐवजी मशीनचा एक नंबर बरा. विरळ आणि दाट यांतला फरक त्याने मिटतो, दाढी राखली तर चेहरा भरलेला दिसतो आणि महिनाभरात गावाच्या नजरेला सवय होते. लग्नाच्या बायोडाट्याला फोटो याच रूपातला लावा. जुन्या केसांचा फोटो पाहून आलेले पाहुणे दारात चमकतात आणि त्याचा त्रास मुलालाच होतो.

लग्न ठरले आणि फिनास्टेराइड चालू असेल तर डॉक्टरांना कळवा. काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या कमी होते आणि मूल हवे असताना गोळी थांबवावी लागते. घरात गरोदर स्त्री असेल तर फुटलेली गोळी तिच्या हाताला लागू देऊ नये. आणि गोळी चालू असताना व थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करू नये.