पुलमनच्या डब्यातून गेलेला पेपर

रॉबर्ट ॲबट यांच्याकडे कायद्याची पदवी होती, पण तुमचा रंग जरा जास्तच काळा, शिकागोच्या कोर्टात तुमचा निभाव लागायचा नाही, असं एका नामांकित वकिलाने त्यांना सुनावलं. तो वकीलही कृष्णवर्णीयच, फक्त उजळ कांतीचा! ॲबट छपाईचं काम शिकलेले होते. ५ मे १९०५ रोजी त्यांनी खिशातल्या २५ सेंटांवर ‘शिकागो डिफेंडर’ हे साप्ताहिक काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती ३००, आणि कचेरी घरमालकिणीच्या घरात.

खरा वाचक मात्र अमेरिकेच्या दक्षिणेत होता. तिथे अनेक गावांत हा पेपर जप्त होई, विकणाऱ्याला धमक्या मिळत. मग तो गेला रेल्वेने. पुलमन कंपनीच्या शयनयानांत बिछाने घालणारे, प्रवाशांचे बूट चमकवणारे पोर्टर बहुतेक सगळे काळे. त्यांची नावं विचारायची तसदी प्रवासी घेत नसत. कंपनी जॉर्ज पुलमनची, म्हणून सरसकट सगळे ‘जॉर्ज’. हेच पोर्टर गठ्ठे नेऊन वाटेतल्या गावांत पोचवत. पुढे न्हाव्याच्या दुकानात किंवा चर्चमध्ये कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. एका अंकाला किती वाचक, याचा हिशेब खपाच्या आकड्यांत बसत नाही.

दक्षिणेत राहूनच लढा, असं ॲबट आधी सांगत. पहिल्या महायुद्धाने त्यांचं मत बदललं. युरोपातून येणारे मजूर थांबले आणि शिकागोचे कत्तलखाने, पोलादाचे कारखाने माणसं शोधू लागले. दक्षिणेत कापसाची बोंडं भुंग्याने पोखरली होती, कुळं कर्जात बुडालेली होती आणि जमावाच्या हातून होणाऱ्या हत्या थांबत नव्हत्या. ‘डिफेंडर’ आता उघडच ‘उत्तरेकडे चला’ म्हणू लागला. जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर नेणाऱ्या दलालांच्या परवान्याची फी २५,००० डॉलर केली. तरी लोक निघालेच. शिकागोतली काळी वस्ती १९१० मध्ये सुमारे ४४,००० होती, १९२० मध्ये १,०९,००० झाली.

बहुतेकांना आसरा मिळाला तो शहराच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. इथल्या स्टेट स्ट्रीटवर जेसी बिंगा यांची बँक होती. जवळच वॉबॅश ॲव्हेन्यूच्या वायएमसीएत १९१५ मध्ये कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. १९२२ मध्ये जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्सहून इथेच वाजवायला आला. नव्यांना ‘डिफेंडर’ शहाणपणही शिकवी: ट्राममध्ये मोठ्याने बोलू नका, घरातले कपडे घालून रस्त्यावर फिरू नका. सल्ला आपुलकीचा, पण त्यात जुन्या रहिवाशांना वाटणारी लाजही लपत नाही.

२७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा काळा मुलगा पोहता पोहता गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या किनाऱ्याकडे गेला. दगडफेक झाली आणि तो बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं गेली, त्यांतली २३ काळी. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात ॲबटही होते. १९२२ च्या अहवालाने गोऱ्या वृत्तपत्रांच्या भडक बातम्यांवर ठपका ठेवला, आणि दंगलीत खोटी बातमी छापल्याबद्दल खुद्द ‘डिफेंडर’लाही सोडलं नाही.