कोरोनात रक्ताच्या गुठळ्या का व्हायच्या? आणि ॲस्पिरिनचा ‘तो’ मेसेज किती खरा?

कोरोना हा विषाणू नसून जिवाणू आहे, माणसं रक्ताच्या गुठळ्यांनी दगावतात आणि ॲस्पिरिनने बरी होतात, अशा अर्थाचा मेसेज तुम्हीही वाचला असेल. मे २०२० मध्ये तो इटलीच्या नावाने फिरला, पुढच्या वर्षी सिंगापूरच्या. पीआयबीने तो खोटा ठरवला. तरी तो लोकांना पटत राहिला, कारण त्यातली गुठळ्यांची गोष्ट खरी होती.

कापलं की रक्त गोठतं, ही शरीराची सोय. पण गंभीर संसर्गात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखम नसतानाही रक्त आतच गोठू लागतं. त्यात रुग्ण दिवसेंदिवस अंथरुणावर, त्यामुळे पायातलं रक्त संथ. तिथली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर बरा वाटणारा माणूसही अचानक धापा टाकू लागतो.

गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात उतरतात, त्यातला एक म्हणजे डी-डायमर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परभणीतही नातेवाईक फोनवर एकमेकांना ‘किती आला?’ विचारत होते, तो हाच. मात्र आकडा वाढला म्हणजे गुठळी झालीच, असं नाही. साध्या संसर्गात, गरोदरपणात, उतारवयातही तो वाढतो.

उपचार होता हेपारिनचा. पोटाच्या कातडीखाली देतात ते इंजेक्शन. त्यातही डोस महत्त्वाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत पूर्ण डोसचा फायदा आयसीयूबाहेरच्या रुग्णांना झाला, आयसीयूतल्यांना नाही. आणि ॲस्पिरिन? ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दवाखान्यात दाखल असलेले सुमारे १५ हजार रुग्ण होते. गोळी घेणारे असोत वा न घेणारे, २८ दिवसांत दोन्हीकडे १७ टक्के दगावले.

आता खरा धोका. पावसाळ्यात जिंतूर, गंगाखेडकडे ताप आला तर तो डेंग्यूही असू शकतो. डेंग्यूही विषाणूचाच, पण त्यात प्लेटलेट्स घटतात आणि रक्तस्रावाची भीती असते. अशा वेळी जुना मेसेज आठवून ॲस्पिरिन घेतली, तर रक्तस्राव वाढू शकतो. आयबुप्रोफेनचंही तेच. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या डोसात. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.