वसईची वाट ठाण्यावरून

मे महिना आला की वसईच्या किल्ल्यात इतिहासप्रेमींची वर्दळ वाढते. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांनी हा कोट चिमाजी अप्पांच्या स्वाधीन केला, त्या विजयाचा उत्सव इथे होतो. अप्पांच्या स्मारकाला हार घातले जातात, व्याख्याने होतात आणि उन्हे कलली की जाणत्या मंडळींच्या मागोमाग तटाबुरुजांची फेरी निघते. किल्ले वसई मोहीम परिवाराचे स्वयंसेवक तर एरवीही इथे साफसफाई आणि दुर्गफेऱ्या करत असतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून अस्सल कागद वाचण्याची शिस्त लावली. त्या कागदांना पायपिटीची जोड मिळाली की इतिहास किती उलगडतो, हे पाहायचे तर वसईला यावे.

पण ही फेरी बहुधा वसईच्या तटाशीच संपते आणि वसईच्या मोहिमेचा निम्मा अर्थ तिथेच हातचा जातो. वसई हा एका लांबलचक सरहद्दीचा मुख्य कोट होता. ती सरहद्द पाहिल्याशिवाय वसई कळत नाही.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे वसई त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. हा मुलूख म्हणजे किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टी. तिचा बचाव करायला त्यांनी खाडीखाडीच्या मुखाशी कोट आणि गढ्या बांधल्या. आतल्या अंगाला मनोर, अशेरी यांसारखी ठाणी ठेवली. अशेरीगडावर आजही पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड पाहायला मिळतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून रोज हजारो गाड्या त्या डोंगराच्या पायथ्यावरून जातात. एका युरोपीय राजाची सीमा इथवर होती, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

मराठ्यांनी या सरहद्दीची एकेक कडी तोडली. १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ठाणे घेतले, तेव्हा तिथल्या किल्ल्याचे बांधकाम अजून पुरे व्हायचे होते. ठाणे गेले आणि साष्टीचे दार उघडले. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी वाटा दाखवल्या, माणसे जोडून दिली. त्यांच्यावाचून ही मोहीम उभी राहिलीच नसती, असे माझे ठाम मत आहे. तरीही यश सरळ चालून आले नाही. १७३८ मध्ये केळवे-माहीमच्या वेढ्यात मराठ्यांना जबर मार बसला. इकडे ठाणे परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनानी पेद्रो द मेलो तिथेच पडला. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी पडली. तारापुरावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मार्चमध्ये वसईसमोर खाडीपलीकडची धारावी हाती आली आणि वसईच्या खाडीच्या मुखावर मराठ्यांच्या तोफा बसल्या.

या सगळ्यांत अभ्यासकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो अर्नाळ्याला. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या या बेटावर होडीने जावे लागते. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, सुकत घातलेल्या मासळीचा वास वाटभर सोबत करतो आणि मग एकदम दोन बुरुजांमधला महादरवाजा समोर येतो. कमानीभोवती हत्ती आणि शरभ कोरले आहेत. वर देवनागरी शिलालेख आहे. त्यात बाजीरावांच्या आज्ञेचा आणि शंकराजींचा उल्लेख आहे. हे शंकराजी म्हणजे शंकराजी केशव फडके, पुढे वसईचे सरसुभेदार. १७३७ मध्ये बेट हाती येताच मराठ्यांनी इथे नव्याने कोट बांधायला घेतला. म्हणजे वसई पडायच्या दोन वर्षे आधीच शत्रूचा उत्तरेकडचा सागरी मार्ग दाबून धरण्याची तजवीज झाली होती. ही दूरदृष्टी त्या दगडावर लिहून ठेवलेली आहे. आत गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या शिबंदीला तटाइतकाच त्याचा आधार.

एवढे पाहून वसईला आले की मग तिचे बळ दिसते. दहा बुरुजांचा हा कोट तीन बाजूंनी खाडी, समुद्र आणि दलदल यांनी वेढलेला. हल्ला करायचा तर उत्तरेच्या जमिनीकडूनच, म्हणजे रेमेदियस आणि सेबास्तियन या बुरुजांवर. १७३९ च्या फेब्रुवारीपासून तिथे मोर्चे पुढे सरकत होते, सुरुंग खणले जात होते. अखेरच्या हल्ल्यात काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. खिंडारात लोक शिरल्यावर उडाले आणि आपलीच माणसे दगावली. तरी दुसऱ्या दिवशी मराठे पुन्हा चढले. ग्रँट डफच्या इतिहासात मराठ्यांकडील मृत व जखमी पाच हजारांवर आणि पोर्तुगिजांकडील आठशे, असा आकडा आहे. सेबास्तियनच्या तटापाशी उभे राहून हे आकडे ऐकले की फेरीतली बडबड आपोआप थांबते.

वसई सोडतानाच्या तहात पोर्तुगिजांना हत्यारे, निशाणे आणि वाद्ये यांसह मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माला अभय मिळाले. ही कलमे फेरीत आवर्जून वाचली पाहिजेत. आजच्या वसईतले कुपारी, कोळी, भंडारी या साऱ्यांचे पूर्वज त्या काळी याच भूमीवर होते. १५९७ मध्ये नागासाकीला हौतात्म्य आलेले संत गोन्सालो गार्सिया इथलेच. या साऱ्यांची वसई वगळून सांगितलेला विजय अपुरा राहतो.

नव्या अभ्यासकाला एक सूचना. त्या काळचे इंग्रज जुने पंचांग पाळत आणि पोर्तुगीज नवे. दोन्हींत ११ दिवसांचा फरक. म्हणून इंग्रजी पत्रातली ५ मे ही पोर्तुगीज कागदातली १६ मे असते. तारखांवरून होणारे अनेक वाद एवढे ध्यानात ठेवले तर मिटतील.

इतिहास संमेलने भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, वसईची फेरी मोहिमेच्या क्रमाने आखा. आरंभ ठाण्याला करा. तिथल्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. तरी तट आणि खाडी बाहेरून दाखवा. मग अर्नाळा, केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर आणि धारावी. वसई सर्वांत शेवटी. एका दिवसात हे होणार नाही, मुक्काम करावा लागेल. प्रत्येक ठाण्यावर तिथल्याच गावातल्या माणसाला बोलते करा. पेशवे दफ्तरातली त्या त्या जागेची पत्रे तिथेच मोठ्याने वाचा आणि य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ जवळ ठेवा. केळव्याच्या पाणकोटाकडे मात्र ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारूनच निघा.