हळदीचे फोटो अर्धे राखाडी का होतात?

शहापूर-मुरबाड पट्ट्यात लगीनसराई सुरू झाली की फोटोग्राफरची झोप उडते. हळद रात्री उशिरापर्यंत चालते आणि सकाळी लग्नाचा मंडप वाट पाहत असतो. मधल्या दोन-तीन तासांत हळदीचं कार्ड संगणकावर उतरवायचं, फॉरमॅट मारायचं आणि तेच कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं, असा अनेकांचा शिरस्ता. चार दिवसांनी अल्बमसाठी फोटो उघडावेत, तर नवरीचा चेहरा ठीक आणि गळ्याखाली सगळं राखाडी!

‘कार्ड करप्ट झालं’ असा निकाल मग तिथल्या तिथे लागतो. तो अनेकदा चुकीचा असतो.

राखाडी पट्ट्याचं कारण जेपेग फाइलच्या रचनेत आहे. 1992 साली प्रमाण ठरलेल्या या पद्धतीत चित्राचे 8 बाय 8 बिंदूंचे चौकोन पाडतात आणि ते वरून खाली, एकामागोमाग लिहितात. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड स्वतंत्रपणे न लिहिता आधीच्या चौकोनापेक्षा किती कमी-जास्त, एवढंच नोंदवतात. जागा वाचते, पण मध्येच एखादा आकडा बिघडला की पुढचे चौकोन सरकतात, रंग जांभळट-हिरवट होतात. आणि कॉपी अर्ध्यात तुटली, तर न आलेल्या भागाच्या जागी बहुतेक प्रोग्राम राखाडी रंग भरतात. म्हणजे रंग बिघडलेला फोटो आणि तुटलेला फोटो ही दोन वेगळी दुखणी. तुटलेल्याची मूळ प्रत कार्डात धडधाकट असू शकते, फॉरमॅट मारलं नसेल तर.

सेन्सरची कच्ची माहिती साठवणारी रॉ फाइल तर सरळसरळ फसवते. तिच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेलं एक जेपेग चित्र असतं. पडद्यावर आधी तेच दिसतं, म्हणून फोटो क्षणभर झकास वाटतो आणि मग खरी माहिती वाचली गेली की गुलाबी पट्टे उमटतात. छोट्या चित्रांच्या रांगेवर नजर टाकून ‘सगळं आलं’ म्हणणारा इथेच गाफील राहतो. याच लबाडीचा एक फायदाही आहे. रॉ बिघडली तरी आतलं जेपेग बऱ्याचदा शाबूत असतं आणि एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने ते बाहेर काढता येतं. अल्बमच्या छपाईपुरतं ते कित्येकदा पुरतं.

बिघाड कुठे झाला, हे शोधायची युक्ती साधी आहे. तीच फाइल कार्डावरून दोन-तीनदा, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये उतरवायची आणि प्रत्येक वेळी कार्ड काढून पुन्हा लावायचं. प्रती दर वेळी वेगळ्या निघाल्या, तर दोष बहुधा वाटेत आहे: सैल कार्ड रीडर, जुनी केबल, किंवा संगणकाची खराब रॅम. रॅमचा संशय कुणालाच येत नाही. तिची तपासणी मेमटेस्ट या प्रोग्रामने होते. दर वेळी नेमका तसाच बिघाड आला, वेगळ्या रीडरवरही तोच, तर मात्र कार्डाकडे बोट दाखवावं. प्रती जुळतात का, हे डोळ्यांनी ठरवू नये. एमडी5 किंवा एसएचए-256 हा फाइलवरून काढलेला आकडा एका बिटच्या फरकानेही बदलतो.

पावसाळ्यात माळशेजकडचा परिसर दिवसचे दिवस धुक्यात असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. कॉपी चालू असताना वीज गेली, किंवा ‘सेफली रिमूव्ह’ न करता ड्राइव्ह उपसली, तर संगणकाने लिहिलं असं सांगितलेलं काही प्रत्यक्षात लिहून झालेलंच नसतं. म्हणून ‘मूव्ह’ नको, ‘कॉपी’च हवी. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत फोटोचा क्रमांक 9999 नंतर पुन्हा 0001 होतो. एकाच फोल्डरमध्ये सगळं ओतलं आणि ‘रिप्लेस’वर बोट पडलं की जुनं लग्न नव्या लग्नाखाली गाडलं गेलं. याला कुठलंच कार्ड जबाबदार नाही.

फोटो खरोखर गेले असतील, तर पहिलं काम म्हणजे कार्डावर काहीही लिहायचं नाही. कॅमेऱ्यातलं झटपट फॉरमॅट सहसा अनुक्रमणिका पुसतं, पानं तशीच राहतात. फोटोरेक हा मोफत प्रोग्राम अनुक्रमणिकेच्या वाटेला न जाता फायलींच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा हुडकतो. विंडोजचं ‘एरर दुरुस्त करू का?’ हे आमंत्रण मात्र आधी नाकारावं. त्या दुरुस्तीत फोटोंचे तुकडे .सीएचके नावाच्या फायलींत जाऊन पडतात. अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत आधी घ्यावी आणि सगळे प्रयोग तिच्यावर करावेत.

लग्नाचा अल्बम निदान लवकर उघडला जातो. साठवणीतला बिघाड वर्षानुवर्षं मुका राहतो. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने 2007 साली आपल्याकडच्या फायली तपासल्या, तेव्हा सुमारे दीड हजारांमागे एक फाइल गुपचूप बदललेली निघाली, तीही व्यावसायिक यंत्रणेत. अशा मुक्या बिघाडाचा फटका लग्नापलीकडेही बसू शकतो. उदाहरणार्थ, तानसा अभयारण्यात 2014 साली रानपिंगळ्याची नोंद झाली. 1997 साली शहादा भागात पुन्हा सापडण्याआधी हा पक्षी शंभरहून अधिक वर्षं खात्रीने दिसला नव्हता आणि नामशेष मानला जात होता. अशा नोंदीत स्पष्ट छायाचित्र हा मोठा पुरावा असतो आणि तो दहा वर्षांनीही मागितला जाऊ शकतो. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एक बघावं: आपला प्रोग्राम बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर आपसूक चढवतो का? चढवत असेल, तर एक ड्राइव्ह अशी ठेवावी जी फक्त नवे फोटो घेते, जुन्याला हात लावत नाही, आणि जिच्यातल्या फायलींचे आकडे दरवर्षी पहिल्या दिवशीच्या यादीशी ताडून पाहिले जातात.